परत उभं करून दाखवा

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल हातात पडला की नगरकडचा सभासद आधी लाभांशाचा टक्का बघतो, मग ऑडिटचा वर्ग, मग थकबाकी. संचालकांचे फोटो, सभासदांच्या गुणवंत पाल्यांची यादी, वृक्षारोपण, सगळं त्यात असतं. एक ओळ मात्र मला अजून एकाही अहवालात सापडलेली नाही: संस्थेचा सर्व्हर आज रात्री गेला, तर उद्या काउंटर किती वाजता उघडेल?

कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. विचारायला हवं, कारण आपलं खातं आता तिथेच आहे. पासबुकात छापून मिळते ती त्याची नक्कल. पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी बासनात बांधून कपाटात असायची. वाळवी लागली तर पाच-पन्नास पानं जायची. सगळ्या सभासदांची सगळी पानं एका रात्रीत नाहीशी होत नव्हती. आता होऊ शकतात.

नगरला लागून असलेल्या भिंगारमधल्या एका कचेरीत मी असा सर्व्हरचा डबा जवळून पाहिलाय. जिन्याखालची जागा, शेजारी पाण्याचे जार, वरच्या फळीवर इन्व्हर्टरची बॅटरी. उन्हाळ्यात तापतो म्हणून बाजूचं झाकण काढून ठेवलेलं आणि समोर टेबलफॅन. आत धुळीचा थर. दर्शनी बाजूला खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू. चार डिस्कपैकी तिघींचे दिवे हिरवे, चौथीचा पिवळा. हा पिवळा कशाचा, असं विचारलं तर उत्तर आलं, "तो कधीपासूनच लागतोय. चालतंय की."

चालतंय, कारण त्या चार डिस्क एकमेकींना सांभाळून घेतात. एक गेली तरी उरलेल्या तिघी तिच्यातली माहिती हिशेबाने काढून देतात. पिवळा दिवा सांगतोय की आधाराची डिस्क खर्ची पडली, आता दुसरी गेली तर सगळं गेलं. चारही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून आलेल्या, सारख्याच उन्हात तापलेल्या, म्हणजे थकणारही मागेपुढेच. नवी डिस्क बसवली की उरलेल्या तिघींना अथपासून इतिपर्यंत सगळी माहिती वाचून द्यावी लागते, आणि जुनी डिस्क नेमकी त्याच वेळी मान टाकू शकते. म्हणून पिवळ्या दिव्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं असतं, आणि डिस्क बदलण्याआधी बॅकअप घ्यायचा असतो. शिवाय ही चार डिस्कची रचना म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एखादं खातं पुसलं गेलं, तर ते चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं.

डब्याचं वय हा निम्माच प्रश्न, आतल्या प्रणालीचंही वय असतं. विंडोज सर्व्हर २०१२ साठी नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ ला थांबल्या. एसक्यूएल सर्व्हर २०१४ च्या ९ जुलै २०२४ ला थांबल्या. त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट त्या यंत्रावर उघडी राहते. ती शोधणाऱ्याला कचेरी भिंगारची आहे की मुंबईची, याच्याशी देणंघेणं नसतं. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ची आहे. या तारखा वर्षानुवर्षं आधी जाहीर असतात. तरीही विषयपत्रिकेवर सर्व्हरचा विषय आला की तीन कोटेशनं मागवायची आणि पुढच्या बैठकीवर ढकलायचं. अध्यक्षांच्या दालनाचा एसी एका बैठकीत मंजूर होतो. सर्व्हरच्या खोलीला एसी मिळत नाही, कारण तिथे पाहुणे बसत नाहीत. हे मला सहन होत नाही, आणि ठेवीदारानेही सहन करू नये.

वरच्या फळीवरची ती बॅटरी आज हलवा. पाणी भरावं लागणारी इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आम्लाचा वाफारा सोडते. तो खालच्या उघड्या सर्किटवर बसतो. बॅटरीच्या आगीने काय होऊ शकतं हे २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात दिसलं. तिथल्या सरकारी माहिती केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर हलवण्याचं काम चालू होतं. त्यांची दहा वर्षांची वॉरंटी उलटून गेली होती. हलवतानाच आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं ज्या सामायिक साठ्यात ठेवायचे, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. आकार फार मोठा म्हणून ठेवली नाही, असं कारण पुढे आलं. जगातल्या सगळ्यात पुढारलेल्या डिजिटल सरकारांपैकी एकाची ही गत.

आपल्या पतसंस्थेला आकाराचं कारणही सांगता येणार नाही. सगळ्या शाखांचा सगळा हिशेब तळहाताएवढ्या डिस्कवर मावतो. "बॅकअप आहे ना, साहेब," असं म्हणून त्या कचेरीत मला तीच डिस्क दाखवण्यात आली. सर्व्हरच्या मागे कायमची खोचलेली. रोज रात्री आपोआप प्रत पडते, म्हणून काढायची गरज पडत नाही, असं सांगितलं गेलं.

त्या कायम खोचलेल्या डिस्कबद्दल न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातली गोष्ट सांगायला हवी. २७ जून २०१७ ला तिथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल एकाएकी ठप्प झालं. कंटेनर साचले. बिघाड न्हावा शेव्यात नव्हताच. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू शिरला होता, आणि तो टर्मिनलची मालक असलेल्या डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यातून जगभर पसरला. कंपनीला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं तिच्या अध्यक्षांनीच नंतर दावोसमध्ये सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

त्यातला कळीचा भाग पुढेच आहे. कुठल्या कर्मचाऱ्याला कुठे प्रवेश आहे याची सगळी नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे जगभर होते. प्रत्येकात पूर्ण प्रत. एक गेला तर बाकीचे आहेत, हा हिशेब. पण सगळे सतत एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यातून तुटलेला होता. घानाचं इंटरनेट इतकं बारीक की ती माहिती ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकजण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती लंडनला पोचवली. त्या एका डिस्कवर जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक पुन्हा उभी राहिली.

दीडशे जोडलेल्या प्रतींनी काम दिलं नाही, एका तुटलेल्या प्रतीने दिलं. सर्व्हरला चिकटलेली डिस्क विषाणूला सर्व्हरचाच भाग वाटते. रात्री प्रत पडली की ती काढा, दुसरी लावा, आणि काढलेली इमारतीबाहेर न्या. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने आपल्या क्षेत्रातल्या लोकांसाठी मांडलेला नियम आज सगळीकडे वापरतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. मी त्यात एवढंच घालीन की एक प्रत कुठल्याही तारेला जोडलेली नसावी.

दुसरं गाव म्हणजे खरोखर दुसरं. भिंगारची प्रत नगरच्या मुख्य कचेरीत ठेवली तर आगीपासून बचाव होतो. पण दोन्ही कचेऱ्या एकाच जाळ्यात असतील तर विषाणूपासून होत नाही, आणि दोन्हीकडे पाऊस तोच पडतो. पाथर्डी, शेवगाव किंवा पुणे बरं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा एसटीचे आगारप्रमुख सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. त्या माणसाला माझा नमस्कार आहे. पण पाणी चढताना जिन्याखालचा सर्व्हर टपावर कुणी नेत नाही, आणि नेला तरी भिजलेला नेणार. म्हणून त्याची प्रत पाऊस यायच्या आधीच दुसरीकडे असावी लागते.

क्लाउडवर टाका म्हणजे प्रश्न मिटला, असं सांगणारे विक्रेते आता नगरच्या प्रत्येक कचेरीत फिरतात. टाकावं, मी विरोधात नाही. पण परत आणायला किती वेळ लागेल, हे विचारून टाकावं. पाचशे जीबी माहिती पन्नास एमबीपीएसच्या लाइनवरून परत उतरवायची तर पूर्ण वेग मिळाला तरी बावीस तास लागतात. त्यात वीज गेली, कुठे रस्ता खोदताना केबल तुटली, की दोन दिवस धरा. आणि सेवा देणाराच पडला तर? जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेपासून तोडावं लागलं. तिच्या सेवेवर चालणाऱ्या देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. १ ऑगस्टला जोडणी परत झाली, पण तोवरचा वेळ त्या बँकांच्या हातात नव्हता.

आता खरं दुखणं. बॅकअप घेतला जातो, पण तो परत चढवून कुणी बघत नाही.

गिटलॅब नावाची कंपनी जगभरातल्या प्रोग्रॅमर लोकांचं काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका अभियंत्याने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. थांबवेपर्यंत सुमारे तीनशे जीबी गेले. हरकत नाही, बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. एकेक उघडून बघितली तर एकही कामाची निघाली नाही. रोजच्या प्रतीची जागा रिकामी होती, कारण प्रत घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता आणि रोज रात्री अपयशी ठरत होता. अपयशाची ई-मेल निघत होती, पण ती पोचतच नव्हती. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर ते सावरले. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे अशी रात्र आली तर दुसऱ्या दिवशी दारावर "तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद" एवढीच पाटी लागते.

मराठी कचेरीत या दुखण्याला आणखी दोन पदर आहेत, ते बाहेरच्या सल्लागाराच्या यादीत नसतात. एक म्हणजे अक्षरं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कित्येक संस्थांच्या मराठी नोंदी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पद्धतींनी टंकलेल्या आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. सर्व्हरवर साठवलेली असतात ती इंग्रजी चिन्हंच. तो विशिष्ट फॉन्ट त्यांना पडद्यावर मराठी दाखवतो. नव्या सर्व्हरवर नोंदी नेल्या, आकडे बरोबर उतरले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि खातेदाराचं नाव उघडलं तर स्वल्पविराम, कंस, उलटीसुलटी चिन्हं. रक्कम शाबूत, माणूस गायब. जुना फॉन्ट ज्या यंत्रावर होता ते भंगारात गेलेलं. म्हणून जुना सर्व्हर हलवण्याआधी फॉन्टच्या मूळ फाइली आणि त्यांची परवान्याची चावी जपून ठेवा, नोंदी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदललेली नावं जुन्या छापील खातेयादीशी एखाद्या जाणत्या कारकुनाकडून ताडून घ्या. रूपांतर करणारी साधनं बरंचसं काम करतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत घोटाळे होतात. "कुलकर्णी" शंभर ठिकाणी बरोबर येईल आणि एकशेएकाव्या ठिकाणी नाही. हे काम मशिनवर सोडून चालत नाही.

याच ओघात एक सांगतो. नगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तर सर्व्हर बदलतानाच सगळ्या नोंदींत सरसकट नाव बदलून टाकू, असं काहीजण ठरवतात. नका करू. माहिती हलवायची असेल त्या दिवशी ती फक्त हलवावी. आधी आणि नंतर ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला पाहिजे, आणि न जुळल्यास कारण एकच असलं पाहिजे. नाव महिनाभराने बदला. जुन्या कर्जरोख्यांवरचं नाव तर तसंच राहू द्या, तो दस्त आहे.

दुसरा पदर परवान्याचा. सॉफ्टवेअर जुन्या यंत्राशी बांधलेलं असतं, किंवा मागे खोचलेल्या बोटभर डोंगलशी. यंत्र जळलं की डोंगलही जळतं. बॅकअप हाताशी आहे, नवा सर्व्हर आलाय, आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याचा फोन लागत नाही, कारण त्याने तो धंदा कधीच बंद केला. ज्या मुलाने हे सगळं बसवून दिलं तो पुण्याला नोकरीला लागला, आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात. संस्थेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. सर्व्हरचा पासवर्ड एकट्या पोराकडे का? तो सीलबंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवा.

हे सगळे खड्डे एकाच मार्गाने आधी दिसतात: बॅकअपवरून सगळं परत उभं करून बघणं. आणि सरावाची गोष्ट भिंगारला वेगळी शिकवायला नको. इथे छावणी आहे, रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. के. के. रेंजवर, म्हणजे खारे-कर्जुन्याच्या माळावर, तोफांचा सराव वर्षानुवर्षं चालतो. तिथे कुणी असं म्हणत नाही की रणगाडा विकत घेतलाय, तो शेडमध्ये उभा आहे, म्हणजे आपण तयार आहोत. दारूगोळा खर्च करून, घड्याळ लावून, तेच ते पुन्हा पुन्हा करतात. त्याच गावच्या कचेऱ्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही सर्व्हरचा सराव करू नये?

सराव अवघड नाही. एक रविवार. मार्चअखेर सोडून कुठलाही. उसना किंवा भाड्याचा संगणक आणायचा, जुन्या सर्व्हरला हात लावायचा नाही. दुसऱ्या गावची डिस्क मागवायची, कारण ती खरंच सापडते का, हेही बघायचंय. घड्याळ सुरू करायचं. प्रणाली बसवा, डेटाबेस चढवा, मागच्या शनिवारचा ट्रायल बॅलन्स काढा आणि छापील प्रतीशी जुळवा. मग वीस खाती उघडा: सोनेतारण, मुदतठेव, मयत खातेदाराचं वारसखातं, मराठी नाव असलेलं, जोडनावाचं. घड्याळ थांबवा. जो आकडा येईल तो संस्थेचा खरा आकडा. पहिल्या खेपेला तो लाजिरवाणाच येईल, येऊ द्या. दुसऱ्या खेपेला निम्मा होतो.

त्यातूनच दुसरा प्रश्नही पुढे येतो: किती काळाचं काम बुडालं तर चालेल? इथे मला पिग्मी एजंट आठवतो. भिंगारच्या बाजारपेठेत दुकानदुकान फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो आणि संध्याकाळी येऊन मशिन सर्व्हरला जोडतो. समजा साडेसातला भरणा चढला, मशिन रिकामं केलं, आणि साडेआठला सर्व्हर गेला. बॅकअप आदल्या रात्रीचा. चहावाल्याचे, भाजीवालीचे त्या दिवसाचे पैसे कुठे लिहिलेले आहेत? रोकड तिजोरीत आहे, पण कुणाची किती हे सांगणारा कागद नाही. म्हणून भरणा चढल्याबरोबर त्याची यादी छापायची आणि फक्त दिवसअखेरीच्या हिशेबानंतर (डे-एन्ड) नव्हे, त्याच्या आधीही एक प्रत काढायची. खर्च एका कागदाचा आणि पाच मिनिटांचा आहे. ज्या बाईने पन्नास रुपये दिलेत तिच्याकडे काही पुरावा असो नसो, संस्थेकडे असलाच पाहिजे.

नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून सायबर सुरक्षेचे नियम घालून दिलेत, २०१९ च्या अखेरीस ते आणखी कडक केले. पतसंस्था त्या छत्राखाली येत नाहीत. त्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, सहकार खात्याच्या देखरेखीत चालतात. लेखापरीक्षक आकडे तपासतो. ते आकडे ज्या डब्यातून निघाले त्याला पाठीशी काय आहे, हे सभासदाने विचारायचं. तो मालक आहे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. सभेच्या नोटिशीखाली बारीक अक्षरांत टीप असते, प्रश्न असल्यास लेखी द्यावेत. द्या. चार ओळी पुरतात. मागच्या वर्षात बॅकअपवरून संपूर्ण हिशेब परत उभा करून बघितला का? कोणत्या तारखेला? किती तास लागले? त्या वेळी कोण हजर होतं आणि सही कुणाची आहे? खाली सभासद क्रमांक, सही, आणि पोच घ्या. सभेत उत्तर तोंडी मिळालं तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. "करणार आहोत" हे उत्तर आलं तरी तसंच लिहू द्या, तारखेसकट. पुढच्या वर्षी सभेचं पहिलं काम मागचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचं असतं, तेव्हा हात वर करून ती तारीख विचारता येते.